स्वस्तातला फ्रेम लॉक चाकू घ्यायचाय? आधी लॉक बघ, स्टीलचं नाव नंतर

पत्र: दादा, मी गोडाऊनमध्ये कामाला आहे. दिवसभर खोके फोडणं, पॅकिंगची पट्टी, झिप टाय, दोरी कापणं हेच चालू असतं आणि सुट्टीला डोंगरात जातो तेव्हाही तोच चाकू खिशात असतो. आत्तापर्यंत साधा लायनर लॉकवाला फोल्डिंग चाकू वापरला, पण हल्ली त्याचं पातं उघडल्यावरही हलतं आणि मध्ये एकदा दाब दिला तर चक्क अर्धवट मिटलं, बोट थोडक्यात वाचलं. म्हणून आता फ्रेम लॉक घ्यायचं ठरवलंय, बजेट कमीच आहे. दोन बघून ठेवलेत. एक कधी नाव न ऐकलेल्या ब्रँडचा, त्यावर डी२ स्टील, बॉल बेअरिंग, टायटॅनियम मूठ असं सगळं लिहिलंय. दुसरा माहितीतल्या ब्रँडचा, दिसायला एकदम साधा, मूठ स्टीलची, पातं ८सीआर१३एमओव्ही नावाच्या स्टीलचं. किंमत जवळपास सारखीच. मित्र म्हणतो डोळे झाकून पहिला घे, आणि आला की पाठीकडून टेबलावर जोरात आपटून बघ, मिटला नाही तर पास. घरी मोठा भाऊही वापरेल, तो डावखुरा आहे. काय करू?
— पहिल्यांदाच फ्रेम लॉक घेणारा

उत्तर: मित्रा, उत्तर आधीच देऊन टाकतो, कारणं मागून सांगतो. दुसरा घे. तो साधा दिसणारा. आणि तो घरी आल्यावर सुद्धा मी खाली लिहिलंय तसं तपासून मगच ठेव, नाही पटला तर परत कर, ब्रँडचं नाव आहे म्हणून गप्प बसू नकोस.

आता का ते. दोन्हीची किंमत सारखी आहे ना, मग जरा डोकं चालव. एकाने त्याच पैशात डी२ दिलं, बेअरिंग दिलं, टायटॅनियम दिलं, मग त्याने पैसे वाचवले कुठे? कुठेतरी वाचवलेच असणार, आणि जिथे तुला फोटोत दिसणार नाही तिथेच वाचवलेले असणार. फोटोत रंग दिसतो, बेअरिंग दिसतं, पात्यावर कोरलेलं स्टीलचं नाव दिसतं. पातं नीट तापवून कडक केलंय का आणि लॉक ज्या जागी टेकतं ती जागा नीट घासलीये का, हे काही फोटोत दिसत नाही, आणि तुझं बोट वाचणार की जाणार हे त्या दुसऱ्या गोष्टीवरच ठरतं.

फ्रेम लॉक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. तुझ्या जुन्या चाकूत मुठीच्या आत एक पातळ पत्र्याची पट्टी आहे, पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला मागून टेकते, म्हणून पातं मिटत नाही. तो लायनर लॉक. आज आपण वापरतो तो लायनर लॉक मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. मग १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याने सेबेन्झा नावाच्या चाकूत वेगळी पट्टी काढूनच टाकली आणि मुठीच्या एका बाजूलाच उभी चीर देऊन त्या बाजूचाच लॉक केला. म्हणजे ज्याला आपण लॉकबार म्हणतो तो मुठीचाच भाग, चांगला जाड, फक्त बुडाशी एका ठिकाणी तो कोरून पातळ केलेला असतो म्हणजे तिथून वाकेल. चाकू मुठीत घट्ट आवळलास की तुझ्याच हाताचा दाब त्या लॉकबारवर येतो आणि तो पात्याच्या मागे आणखी घट्ट बसतो. लायनर लॉकमध्ये हे होत नाही, तिथे पट्टी मुठीच्या आत झाकलेली असते. फ्रेम लॉकचं एवढं कौतुक होतं ते मुख्यतः यासाठी.

पण म्हणून फ्रेम लॉक म्हटलं की मजबूत, असं काही नाही हं. नीट बनवलेला लायनर लॉक वाईट बनवलेल्या फ्रेम लॉकपेक्षा शंभर पटीने बरा. सगळा खेळ आहे तो लॉकबारचं टोक आणि पात्याचं बूड जिथे भिडतात त्या जागेचा. पात्याच्या बुडाला तिथे थोडा उतार दिलेला असतो, साधारण ७-८ अंशांचा, आणि हा उतार जास्त झाला तर दाब आल्यावर लॉकबार घसरून बाहेर येतो, कमी झाला तर लॉक इतकं अडकून बसतं की सोडवताना अंगठा दुखून येतो. ही एवढीशी जागा नीट घासायला वेळ लागतो, माणूस लागतो, आणि स्वस्तात बनवणारा पहिली काटछाट तिथेच करतो. तुझा जुना चाकू दाब दिल्यावर मिटला त्याचंही कारण बहुतेक तिथलंच, ती जागा झिजलीये नाहीतर खोक्यांचा भुगा आणि टेपचा चिकटा तिथे साचून लॉक पूर्ण बसत नाहीये. साफ करून बघ हवं तर, पण एकदा असा मिटलेला चाकू मी तरी पुन्हा जोराच्या कामाला वापरणार नाही.

आता चाकू हातात आल्यावर काय बघायचं. उजेडात जा, पातं पूर्ण उघड आणि खालच्या बाजूने, म्हणजे पातं मिटल्यावर ज्या फटीत जातं तिकडून आत बघ. पात्याच्या बुडाची पूर्ण रुंदी दिसेल आणि तिच्यावर लॉकबार कुठपर्यंत आलाय तेही दिसेल. नवीन चाकूत तो साधारण ३० ते ५० टक्के रुंदीवर आलेला असावा. जेमतेम काठावर टेकलाय, १०-१५ टक्के, तर तो झटक्याने सुटू शकतो, ठेवू नकोस. उलट पहिल्याच दिवशी पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडलाय तर झिजायला पुढे जागाच उरली नाही, तोही नको. टक्के म्हणजे काही मोजपट्टी घेऊन बसायचं नाहीये, डोळ्याला एक तृतीयांश ते अर्धं वाटलं की झालं. सोबत हेही बघ की लॉकबारचं टोक बुडाला सपाट टेकलंय की फक्त एका कोपऱ्यावर. मागून उजेड धरला की फट असेल तर लगेच कळतं.

मग पातं हलवून बघ. बाजूला, डावी-उजवीकडे थोडं हलत असेल तर घाबरायचं कारण नाही, पिव्हटचा, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचा, स्क्रू पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा जातं. वर-खाली हलत असेल, म्हणजे टोक धारेच्या दिशेने आणि पाठीच्या दिशेने डुलत असेल, तर तो लॉकचाच दोष आणि तो स्क्रूने जात नाही. परत कर. इथे लोक स्वतःची समजूत काढतात की वापरून वापरून बसेल, पण पैसे तू दिलेत, बसवून देण्याचं काम त्यांचं होतं.

लॉक सोडायला अतोनात जोर लागतोय का तेही बघ. पहिले काही दिवस किंचित चिकटणं चालतं, पण प्रत्येक वेळी कटकन आवाज होऊन झगडावं लागत असेल तर नको.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते डिटेंटकडे. लॉकबारला आतून एक बारीकशी गोळी बसवलेली असते, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, आणि पात्याच्या बुडाला तिच्यासाठी एक छोटा खड्डा असतो. पातं मिटलं की गोळी त्या खड्ड्यात बसते आणि पातं आपणहून उघडत नाही. हा डिटेंट ढिला असेल तर चाकू खिशात उघडू शकतो, आणि खिशात हात घालताना उघडं टोक भेटणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. मिटलेला चाकू टोक खाली येईल असा घट्ट धर आणि मनगटाने दोन-तीन जोरात झटके दे, बोटं पात्याच्या वाटेत नकोत. पातं बाहेर डोकावलं तर परत. लॉक कितीही चांगलं असेना, डिटेंट ढिला असलेला चाकू मी खिशात ठेवणार नाही.

आता मित्राच्या त्या आपटाआपटीबद्दल. नको करूस. नेटवर व्हिडिओ भरपूर आहेत, पात्याची पाठ टेबलावर धाडधाड आपटतात. त्यातून कळतं एवढंच की उलट्या बाजूने झटका दिला तर काय होतं, आणि तुझ्या रोजच्या कामात असा झटका बसतच नाही कारण तू धारेने कापतोस, पाठीने नाही. वर लॉकच्या टोकाला मार बसून चांगला चाकू खराब होतो तो वेगळाच, आणि परत करायला गेलास तर खूण दिसतेच. त्याऐवजी चाकू उघड, पाठ लाकडावर टेकव, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घेऊन म्हणजे मूठ नुसती मागून तळहाताने धरून, हळूहळू दाब वाढव. सरकलं तर नापास. लॉक म्हणजे गाडीचा सीटबेल्ट समज, आहे म्हणून कोणी मुद्दाम भिंतीवर गाडी घालत नाही. पात्याने काही उचकटायचं नाही, स्क्रू फिरवायचे नाहीत, टोक खुपसून पिरगाळायचं नाही, मग लॉक कुठलंही असो.

स्टीलवर येतो, कारण मित्राचं सगळं प्रेम डी२ वर दिसतंय. डी२ वाईट नाही, उलट पुठ्ठ्यासाठी चांगलंच आहे. पुठ्ठा धार फार लवकर खातो, आणि डी२ मध्ये कार्बन साधारण दीड टक्का असल्याने झीज कमी होते, धार जास्त दिवस टिकते. पण त्याला गंज धरतो. क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही धरतो, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर बांधलं जातं आणि गंज अडवायला थोडंच उरतं. घामट हाताने वापरून तसाच ठेवला की तपकिरी ठिपके आलेच समज. ८सीआर१३एमओव्हीमध्ये कार्बन साधारण ०.८ टक्के, क्रोमियम १३ च्या आसपास, धार लवकर जाते पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते आणि गंजाची कटकट कमी. ज्याला धार लावायची सवय नाही त्याला मी हेच देईन. या दोन्हीच्या मधलं हवं असेल तर १४सी२८एन, मूळ स्वीडनच्या सँडव्हिकचं स्टील, त्यात थोडा नायट्रोजन आहे, गंजाला चांगलं टिकतं आणि धारही बारीक घेतं. बजेट थोडं ताणता आलं तर हे बघ.

पण मुद्दा असा की अनोळखी ब्रँडने पात्यावर डी२ कोरलंय म्हणून ते डी२ च आहे याची खात्री कोण देणार? आणि असलं तरी नीट तापवून ५९-६० रॉकवेलपर्यंत (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) कडक केलंय का? चुकीचं तापवलेलं डी२ हे व्यवस्थित तापवलेल्या ८सीआरपेक्षा वाईट, इतकं साधं आहे ते.

टायटॅनियमचंही तसंच. वर्णन परत नीट वाच, बऱ्याचदा तिथे टायटॅनियम कोटेड असं लिहिलेलं असतं, म्हणजे मूठ स्टीलचीच आणि वर राखाडी थर. चाकू हातात असेल तर लोहचुंबक लाव, मुठीला चिकटलं तर ते टायटॅनियम नाही. नाही चिकटलं तर मात्र लगेच खूश होऊ नकोस, काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही. वजनाने जास्त कळतं, टायटॅनियम स्टीलच्या साधारण ५७-५८ टक्के वजनाचं असतं. आणि समज खरंच टायटॅनियम निघालं तरी स्वस्तातल्या चाकूत मला त्याचं फार अप्रूप नाही. ते कडक केलेल्या पात्याच्या मानाने मऊ, त्यामुळे लॉकच्या टोकाला चिकटतं आणि झिजतं, म्हणून चांगले बनवणारे लॉकबारच्या टोकाला स्टीलचा वेगळा तुकडा बसवतात. तो तुकडा नसेल तर तुझी साधी स्टीलची मूठच बरी, जड आहे एवढंच.

बेअरिंगने पातं झर्रकन उघडतं, मजा येते, पण तू दिवसभर पुठ्ठ्याच्या भुग्यात काम करतोस, तो भुगा त्या बारीक गोळ्यांत जाऊन बसणार. साधे ब्राँझचे वॉशर असतील तर तक्रार करू नकोस.

कुठले बघायचे असं विचारशील. केरशॉचा क्रायो बघ, रिक हिंडररचं डिझाईन, स्टीलची मूठ, पातं पावणेतीन इंच, ८सीआर१३एमओव्ही, वजन ११५ ग्रॅमच्या आसपास म्हणजे खिशात जाणवतं. त्याच कंपनीचा लीक हलका आणि सडपातळ, केन ओनियनचं डिझाईन, ३ इंच पातं, १४सी२८एन, पण टोक फार नाजूक आहे, गोडाऊनच्या आडदांड कामात तुटू शकतं. हे दोन्ही स्प्रिंगच्या मदतीने उघडतात, त्याबद्दल पुढे बोलतो. स्प्रिंग नको असेल तर सीआरकेटी कंपनीचा पिलार, जेस्पर वॉक्सनेसचं डिझाईन, पातं फक्त २.४ इंच पण पकड दणकट. यांच्या नकलाही मिळतात, तेव्हा कोण विकतंय ते बघून घे. आणि या तिघांपैकीच घे असं नाही, वरची तपासणी ज्यात पास होईल तो.

नवीन माणूस फ्रेम लॉकमध्ये एक गोष्ट हमखास करतो. फ्लिपर, म्हणजे पात्याच्या बुडाचा मुठीबाहेर आलेला कान, दाबतो, पातं उघडतच नाही, मग ओरडतो की चाकू खराब आहे. होतं काय की उघडताना बाकीची बोटं लॉकबारवर दाबलेली असतात, त्याने डिटेंटची गोळी खड्ड्यात आणखी रुतते. बोटं लॉकबारवरून उचलून खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा कडेला ठेव आणि मग दाब, खटकन उघडेल. मिटवताना उलटी काळजी, कारण अंगठा लॉकबार सरकवायला जिथे ठेवतोस ती जागा पात्याच्या वाटेतच असते. लॉक सरकव, पातं थोडंसं खाली येऊ दे, फ्लिपरचा कान तर्जनीला टेकला की थांब, अंगठा बाहेर काढ आणि मग पूर्ण मिटव. घाई करायची नाही, पहिले काही दिवस बघत बघतच मिटव.

आणि एक खरं सांगू का, दिवसभर फक्त खोकेच फोडायचे असतील तर बदलत्या ब्लेडचा कटर वापर रे बाबा. ब्लेड बोथट झालं की फेकलं, नवीन लावलं. फ्रेम लॉक ठेव दोरी, पट्टी आणि डोंगरासाठी, मग ८सीआरची धार लवकर जाते ही तक्रारही राहणार नाही. डोंगरात पातं ७-८ सेंटीमीटरचं पुरतं. जाडी अडीच-तीन मिलिमीटरच्या वर नको, जाड पातं फोटोत रांगडं दिसतं पण कापत नाही, नुसतं फाडतं.

निगा फार नाही. टेपचा चिकटा पात्यावर आणि लॉकच्या टोकाला बसतो तो थोडं स्पिरिट लावलेल्या फडक्याने पूस, पिव्हटला आणि डिटेंटची गोळी पात्यावर जिथून घासत जाते तिथे तेलाचा एक-एक थेंब, लॉकच्या टोकाला मात्र तेल अजिबात नाही. धार दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत. स्क्रू बहुतेक टी६ आणि टी८ टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे असतात, चांगल्या बिट घे, हलक्या बिटने स्क्रूचं डोकं गोल झालं की बसलास. स्क्रू सारखा ढिला होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक) अगदी टिपूसभर, लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही.

घ्यायच्या आधी तू राहतोस तिथला नियम वाच. लॉक होणारा चाकू, स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा चाकू, पात्याची लांबी, या तिन्हीवर ठिकठिकाणी वेगवेगळे नियम आहेत. ब्रिटनमध्ये तर खिशात बिनलॉकचा ३ इंचांच्या आतला चाकू चालतो, पण तेवढ्याच लांबीचा लॉकवाला सबळ कारणाशिवाय चालत नाही. नियमाबद्दल शंका असेल तर स्प्रिंगवाला सोडच. विमानात हातातल्या बॅगेत तर कुठलाच ठेवू नकोस, चेक-इनच्या सामानात टाक.

राहिला भाऊ. फ्रेम लॉक बहुतेक सगळे उजव्या हातासाठीच बनतात. उजव्या हाताने लॉक अंगठ्याने सरकतं, डाव्या हातात तेच काम तर्जनीने करावं लागतं आणि ती जागा अवघडच. क्लिपही बऱ्याच चाकूंना एकाच बाजूला लागते. सवयीने जमतं लोकांना, पण एक चाकू दोघांनी वापरायचा आणि त्यातला एक डावखुरा, हे मला पटत नाही. त्याला मागे कण्यावर दाबायचा खटका असतो तसला लॉकबॅक घेऊन दे, तो दोन्ही हातांना सारखाच.